जांभळीच्या नाल्यावर आलेली मेक्सिकोची बाई

मेक्सिको हा देश मला नकाशावर सापडायच्या आधी आमच्या नाल्यावर येऊन गेला होता. साठ सालानंतरची गोष्ट. मी मॅट्रिकच्या वर्गात होते आणि रोज पायी नेरच्या शाळेत जात होते.

आमचं गाव नेरपासून फार लांब नव्हतं, पण मध्ये नाला होता. त्याच्या उतारावर जांभळीची झाडं होती म्हणून तो जांभळीचा नाला. हिवाळ्यात पाणी घोट्याच्या वर येत नसे. शाळा दुपारची असायची. सुटायची तेव्हा ऊन कलंडलेलं असे आणि आम्ही नाल्यावर पोचायचो तेव्हा दिवस मावळत असे. गावातून आम्ही तिघी मुली शाळेत जायचो. मी आणि माझ्यामागच्या वर्गातली एक, अशा आम्ही दोघी बौद्ध मोहल्ल्यातल्या. तिसरी पाटलाची मुलगी, माझ्याच वर्गातली. मॅट्रिकपर्यंत पोचलेल्या गावातल्या मुली म्हणजे ती आणि मीच.

कापसाची वेचणी सुरू झाली की लोकांच्या हातात थोडा पैसा येई आणि नेरच्या बाजाराच्या मैदानावर टुरिंग टॉकीजचा तंबू लागे. संध्याकाळी भोंग्यावर गाण्याच्या तबकड्या वाजत. आमच्या अंगणात बसून त्या ऐकू येत. तबकड्या थांबल्या की खेळ सुरू झाला असं समजायचं. सिनेमाच्या पेट्या अमरावतीहून मोटारीनं यायच्या. त्या वर्षी देवादिकांच्या खेळाची जाहिरात झाली होती, पण त्याची पेटी आलीच नाही. तिच्या जागी आली ती मेक्सिकोत काढलेली, वरून इंग्रजी बोलणं चढवलेली एक भुताची गोष्ट. तंबूवाल्यानं डगमगून न जाता बैलगाडीवर भोंगा बांधला आणि गावोगाव सांगितलं की विलायती भुताचा खेळ आहे, हिंदीत समजावणारा माणूस आहे, काळजी नको.

बायकांनी जायचं ठरवलं. पाटलीणबाई आपल्या गाडीत, आम्ही मोहल्ल्यातल्या बायका गाडीच्या मागं चालत. तंबूत बायकांच्या बाजूला कनात लावलेली असे. कनातीच्या आत मात्र जमीन एकच होती, आणि गर्दी वाढली की कोण कुणाला टेकून बसलं आहे हे कुणी पाहत नसे.

पडद्यावर एक बाई आली. अंगावर पांढरा झगा, डोक्यावरून पायापर्यंत पांढरी ओढणी. एका बड्या घरच्या माणसानं तिला नादी लावलं, दोन लेकरं झाली, आणि तो दुसरीशी लग्न करायला निघाला. बाईचं डोकं फिरलं. तिनं दोन्ही लेकरं नदीत बुडवली. मग ती मेली आणि तेव्हापासून नदीच्या काठानं रडत फिरते, स्वतःची सापडत नाहीत म्हणून दुसऱ्यांची लेकरं ओढून नेते. पुढं एक नवं कुटुंब नदीकाठच्या घरात राहायला येतं आणि त्यांच्या मुलीवर ती डोळा ठेवते.

आधी आधी आमच्याकडच्या बायका हसत होत्या.

"एवढं लांबलचक नेसली, अन् चालते कशी व ते?"

"चालत नाई, सरकते. पाय कुठं दिसून राह्यले तुले?"

"अन् तो बावा पाणी काहून शिंपून राह्यला?"

"त्याईच्याकडचा भगत असंल तो."

मग समजावणाऱ्यानं आपलं काम सुरू केलं. तो पडद्याच्या बाजूला माइक धरून उभा असे. आवाज चांगला होता त्याचा, पोटातून यायचा. तो म्हणाला, "देखो माता-बहनो, ये औरत साँझ को नदी पे रोती है। कौन सी नदी? अब ऐसा समझो, अपना वो जांभळीचा नाला है ना, वो ही समझो।"

कनातीच्या आत सगळं चिडीचूप झालं.

ते का, हे सांगायला हवं. आमच्याकडे लहान लेकरू गेलं तर त्याला जाळत नाहीत, पुरतात. नाल्याच्या उतारावर, वरच्या अंगाला गावातल्या लोकांची लेकरं पुरलेली होती आणि खालच्या अंगाला आमच्या मोहल्ल्याची. माझी धाकटी बहीण तिथंच होती. चालायला शिकली आणि तापानं गेली. तिच्यावर एक काळा दगड ठेवला होता. माय वेचणीला जाता-येता त्या दगडाला हात लावायची. त्या तंबूत बसलेल्या बायकांत जिचं कुणी नाल्यावर नाही अशी बाई शोधावी लागली असती. त्यांना नदीकाठी रडणारी आई दाखवली, आणि ती तुमच्याच नाल्यावर रडते असं माइकवरून सांगितलं. त्यानंतर कुणी हसलं नाही.

परत येताना नाल्यावर टिटवी ओरडली. टिटवी रोजच ओरडते. त्या दिवशी पाटलीणबाईंचे बैल उधळले, आणि बैलांच्या आधी बायका.

दुसऱ्या दिवशी मी दप्तर घेऊन निघाले तर माय दारात उभी.

"कुठं चालली?"

"शाळेत."

"आज नाई."

"काहून?"

"नाई म्हटलं नं."

मी पाटलांच्या घरी गेले. तिथंही तेच. माझी वर्गमैत्रीण ओसरीवर बसून तूर निवडत होती आणि तोंड फुगलेलं होतं. माझ्यामागच्या वर्गातल्या मुलीला तर तिच्या आजीनं मामाच्या गावाला पाठवूनही दिलं होतं.

मी मुद्दाम सांगते की माय अडाणी होती, पण भित्री बाई नव्हती. साप मारायची, वेचणीच्या टोळीत मुकादमाशी भांडायची. मला शाळेत घालताना बाबा कचरले होते, ती कचरली नव्हती. तिनं अडवलं म्हणजे ती खरंच घाबरली होती.

बाबा नेरच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात हंगामाचं काम करायचे. त्यांची पाळी रात्री सुटे, त्यामुळे मला आणायला ते येऊ शकत नव्हते. छप्पन सालानंतर आमच्या मोहल्ल्यानं दीक्षा घेतली तेव्हा घराघरातले देव नाल्यात सोडले गेले. बाबांना प्रतिज्ञा तोंडपाठ होत्या आणि त्या नुसत्या पाठ नव्हत्या, ते तसे वागत. त्यांनी जेवताना विषय काढला.

"आपण प्रतिज्ञा घेतली हाये. भूत मानाचं नाई."

माय भाकर थापत म्हणाली, "प्रतिज्ञेत भुताचं नाव कुठं हाये? श्राद्ध नाई करत मी. दगडापाशी दूध ठेवत होती, तेई बंद केलं. भुताचं मले कोणी नाई सांगतलं."

"सारं त्याच्यातच आलं."

"तुमी म्हणता तं आलं असंल. मी मानत नाई. पण ताप मानत नाई म्हटल्यानं ताप उतरते काय?"

बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला. यावर उत्तर माझ्याकडे आहे असं मला वाटत होतं. मी विज्ञानाचं पुस्तक काढून आवाज कसा पसरतो ते समजावू लागले, टिटवीचा आवाज संध्याकाळी लांबून कसा येतो वगैरे. मायनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "शिकोलं तं चांगलं शिकोलं शाळेनं. आता झोप."

आठवडा गेला. बाबा कामावर जाताना शाळेवरून जायचे. एका दुपारी आमच्या वर्गाच्या बाईंनी त्यांना फाटकाशी थांबवलं. हजेरी भरली नाही तर मुलीला परीक्षेला बसवता येणार नाही, मग एक वर्ष वाया, असा निरोप बाबा घेऊन आले. आमच्या मोहल्ल्यात मुलीचं एक वर्ष वाया जाणं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. वर्षभर घरी राहिलेली मुलगी पुन्हा शाळेत जात नाही. तिला पाहुणे पाहायला येतात. हे मी मायला म्हटलं नाही. तिलाही ते ठाऊक होतं आणि त्या निरोपानंतर ती दोन वेळा चुलीपाशी बसूनच राहिली, जेवली नाही.

पाटलीणबाईंचीही अडचण होती, वेगळी. त्यांच्या मुलीला दारव्ह्याकडचं स्थळ आलं होतं. मुलगा नोकरीत होता आणि त्याच्या लोकांना मॅट्रिक झालेली मुलगी हवी होती. पाटलीणबाई मोठ्या घरच्या, कधी मोहल्ल्यात येत नसत. त्या आठवड्यात त्या आल्या आणि आमच्या अंगणाच्या कडेला उभ्या राहिल्या.

"तुह्या पोरीचं काय करतं व?"

"तुमच्या पोरीचं काय करता ते पाह्यते," माय म्हणाली.

पाटलीणबाई हसल्या. "चाल मंग. त्या भोंग्यावाल्याले इचारू. नाल्याचं नाव घ्याचं त्याले काय पडलं होतं?"

बाजाराच्या दिवशी दोघी निघाल्या, मागं आणखी चार-पाच बायका आणि मी. इंग्रजी समजणारी म्हणून मला नेलं होतं. भर दुपारी तो तंबू अगदी केविलवाणा दिसत होता. ठिगळं दिसत होती, पडदा गुंडाळलेला होता. समजावणारा जनरेटरच्या आडोशाला बसून स्वयंपाक करत होता. किरकोळ अंगाचा, गळ्याला मफलर. एवढ्या बायका पाहून त्यानं हातातला पळा खाली ठेवला.

पाटलीणबाईंनी विचारलं, "जांभळीच्या नाल्यावर बाई रडते हे तुले कोणं सांगतलं?"

"कोणीच नाई, बाई. मी आपलं सांगतलं."

"तू पाह्यली?"

"मी काहून पाहू? ते तिकडे मेक्सिकोत हाये. सात समुद्राच्या पल्याड."

"मंग आमच्या नाल्याचं नाव कुठून काढलं?"

तो आता जरा सैलावला. "पाहा बाई, मी ज्या गावाले जातो तिथं आधी चहाच्या टपरीवर बसतो. गाडीवानाईले इचारतो, नदी कोणती, मसण कुठं, वड कुठं. दारव्ह्याले गेलो तं दारव्ह्याचं सांगतो, नेरले आलो तं नेरचं. लोकाईले आपलं वाटलं पाह्यजे. नाईतं विलायती बाईसाठी कोणाच्या डोळ्याले पाणी येते?"

"डोळ्याले पाणी आलं बाप्पा," माय म्हणाली. "आता पोरी घरी बसल्या हायेत. परीक्षा चुकते त्याईची."

हे ऐकून तो खरंच वरमला. त्याचं स्वतःचं बिऱ्हाड मूर्तिजापूरला होतं आणि मुलगी तिथं चौथीत होती, असं त्यानं सांगितलं. मला विचारलं, "तू मॅट्रिकले हायेस?" मी हो म्हटलं. "मी येतो," तो म्हणाला. "उद्याच्याले गाडीवर येतो अन् भोंग्यावर सांगतो तुमच्या गावात. काई फिकर नको."

बायका खूश होऊन परतल्या. माणूस शब्दाचा पक्का निघाला. दुसऱ्या दिवशी बैलगाडी आली, आणि पारापाशी उभं राहून त्यानं पोटातून आवाज काढला. "गाववाले हो, ऐका. जांभळीच्या नाल्यावर पांढऱ्या कपड्यातली बाई रडत नाही. लेकरं ओढून नेत नाही. कोणीही भिऊ नये."

आता गावातले निम्मे लोक सिनेमाला गेलेच नव्हते. पुरुष तर बहुतेक वेचणीच्या आणि गाड्यांच्या कामात होते. त्यांना हे पहिल्यांदाच कळलं की जांभळीच्या नाल्यावर पांढऱ्या कपड्यातली बाई असल्याची बातमी आहे आणि ती नाही असं सांगायला नेरहून माणूस आला आहे. पारावरचा एक म्हातारा म्हणाला, "काईच नसतं तं एवढ्या लांब गाडी कायले आणली असती?" संध्याकाळपर्यंत गडीमाणसं जनावरं नाल्यावर पाजायला न्यायची टाळू लागली. तंबूवाल्याचे मात्र पुढचे खेळ भरगच्च गेले.

मी त्या दिवशी रडले. बाबांनी मला समजावलं नाही, मायनंही नाही. रात्री भांडी घासून झाल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली आणि तिनं एक प्रश्न विचारला.

"त्या बाईनं लेकरं कायले मारली म्हणे?"

मी सांगितलं, "त्या माणसानं तिले टाकलं. घरादारात कोणी उभं केलं नाई. मंग डोकं फिरलं."

"शेजारपाजार नव्हता तिले?"

सिनेमात शेजारीपाजारी दिसले नव्हते खरे. मी म्हटलं, "नाई दिसला."

"मले तेच वाटलं," माय म्हणाली. मग म्हणाली, "माह्यं लेकरू मी नाई मारलं. तापानं नेलं. त्या उतारावर माह्यी लेक हाये. मी तिथं जाले भेते म्हणजे काय, लेकीलेच भेते काय मी? आठ दिवस झाले, मी तिच्याकडे गेली नाई."

पुढं मी अमरावतीला कॉलेजात असताना ग्रंथालयातल्या एका जाड इंग्रजी पुस्तकात त्या देशातल्या रडणाऱ्या बाईबद्दल वाचलं. तिकडच्या आया म्हणे पोरांना तिन्हीसांजेला पाण्यापासून घरी आणण्यासाठी तिची गोष्ट सांगतात. म्हणजे गोष्ट मुळात लेकरांना वाचवण्यासाठीच होती. मला ते वाचून बरं वाटलं. पण मायनं त्या रात्री जो हिशेब लावला तो त्या पुस्तकात नव्हता आणि माझ्या विज्ञानाच्या पुस्तकातही नव्हता.

सकाळी उठून ती सरळ पाटलांच्या वाड्याकडे गेली. मी मागं होते. पाटलीणबाई गोठ्यापाशी उभ्या होत्या. वेचणीची रीत अशी होती की दिवसभर बायकांनी ओटीत कापूस वेचायचा, गाठोडी बांधायची आणि दिवस मावळायला ती डोक्यावर घेऊन मालकाच्या गोठ्यावर यायचं. तिथं काटा टांगलेला असे. ज्याचं त्याचं गाठोडं मोजायचं, मग घरी. मोजताना रोज भांडण ठरलेलं.

माय म्हणाली, "पाटलीणबाई, काटा नाल्यावर लावा."

"नाल्यावर कायले?"

"तुमची खालची वावरं नाल्याच्या काठीच हायेत. गाडी जांभळीखाली उभी करा, काटा फांदीले टांगा. आमी गाठोडी तिथंच आणतो. आमच्या डोक्यावरचं ओझंई वाचते. पोरी येतात तवा आमी सगळ्या तिथं असतो."

पाटलीणबाईंनी गोठ्यावरच्या काट्याकडे पाहिलं. नवऱ्याला विचारावं लागलं असतं. गोठ्यावरचा काटा हलवणं म्हणजे त्या घराची रीत हलवणं. मग त्यांनी विचारलं, "अन् तुमी बाया येसान तिथं, दिवस मावळता?"

"मी येते. माह्यामागं कोण येते ते पाहू."

"न येतील तं?"

"तं मी अन् तुमचा गाडीवान. रडणारीले दोघं पुरेत."

पाटील काय म्हणाले ते मला माहीत नाही. दुपारी मी आणि माझी वर्गमैत्रीण शाळेत निघालो तेव्हा गाडीवान फांदीला दोर बांधत होता आणि आमच्याकडे बघून म्हणाला, "पोट्ट्याहो, तुमच्यापायी मले भुतापाशी उभं केलं." वर्गात बाईंनी हजेरीत आमची नावं घेतली. नाव घेतल्यावर एकदा मान वर करून पाहिलं.

शाळा सुटली. आम्ही दोघी निघालो, जवळजवळ पळतच. नाल्याचा उतार जवळ आला तसा मैत्रिणीनं माझा हात धरला. मग आवाज ऐकू आला. ओळखीचा आवाज होता तो.

"काटा वाकडा हाये तुह्या."

"काटा नाई, तुह्यी नजर वाकडी हाये."

"ओला हाये म्हणे कापूस. दुपारच्या उन्हात वेचला म्या, ओला कुठून होईल?"

जांभळीखाली सगळी टोळी होती. गाठोड्यांची रांग, मध्ये काटा, कंदील अजून लावायचा होता. मोहल्ल्यातल्या बायका होत्या, गावातल्याही होत्या, आणि लेकरं पाण्यात दगड टाकत होती. सगळ्या एकाच वेळी बोलत होत्या. त्या गोंधळात एखादं भूत खरंच आलं असतं तर त्याला आपला नंबर येईपर्यंत उभं राहावं लागलं असतं. माय खालच्या अंगाला त्या काळ्या दगडाजवळ बसली होती, ओटी अजून सोडली नव्हती. मला पाहून ती उठली नाही.

"आली?" एवढंच म्हणाली.

"आली."

"बस. माह्यं गाठोडं शेवटी हाये."

मी तिच्याजवळ बसले. तिनं दगडावरचा पाचोळा हातानं बाजूला केला आणि काट्याकडे पाहत राहिली, मुकादम कुणाला फसवतो का ते.

वेचणी संपेपर्यंत काटा नाल्यावरच राहिला. मोजणी झाली की घरी चालता चालता बायका आम्हाला आज काय शिकवलं ते विचारत. आम्ही सांगायचो, आणि त्या आपसात त्यावर वाद घालत गावापर्यंत यायच्या. पृथ्वी फिरते हे गाडीवानाला शेवटपर्यंत पटलं नाही. मागच्या वर्गातली मुलगी मामाकडून परत आली. पाटलीणबाई आपल्या मुलीला घ्यायला म्हणून पहिले काही दिवस गाडीत बसून यायच्या, पण गाडीतून उतरत नसत. एकदा उतरल्या. वरच्या अंगाला गेल्या, एका जागी थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि परत आल्या. त्यांचंही तिथं कुणी होतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

तंबू कधीच दुसऱ्या गावाला गेला होता. शेवटचा कापूस घरी गेला आणि एका दिवशी गाडीवानानं फांदीवरचा दोर सोडून नेला. परीक्षेला थोडेच आठवडे उरले होते. त्या दिवशी शाळेतून येताना मी धास्तावलेली होते. नाल्याची भीती मला नव्हती. काटा नाही म्हणून मायला पुन्हा काही वाटलं तर, ही भीती होती. ती उतारावर येऊन उभी असेल, उद्यापासून नको म्हणेल, असं मनात धरून मी आले.

जांभळीखाली कुणी नव्हतं. पाणी आटत आलं होतं. आम्ही तिघी बीजगणिताच्या एका सूत्रावरून भांडत नाला ओलांडून आलो. घरी पोचले तर माय चुलीपाशी होती, पाठ माझ्याकडे. ती मला बघायला दारापर्यंतही आलेली नव्हती. भाकर उलटत तिनं न वळताच विचारलं, "उद्या कोणता इषय हाये?"

मी सांगितलं, आणि कंदिलाची काच पुसायला घेतली.